जोडीदार नव्हे, वारसदारही नव्हे : उपराष्ट्रपतिपदाचा उमेदवार नेमका कशासाठी निवडला जातो?

होसकोटे (बेंगळुरू) : बेंगळुरूहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे निघाले की कोलारच्या वाटेवर होसकोटे लागते. पहाटेच्या बिर्याणीसाठी शहरातून गाड्या भरून लोक येथे येतात. इतिहासाची आवड असलेल्या मराठी वाचकाला हे नाव शहाजीराजांच्या जहागिरीमुळे परिचित असते. बेंगळुरू, कोलार आणि दोड्डबळ्ळापूर यांच्यासमवेत होसकोटेही त्या जहागिरीत होते. या गावातील मतदाराने विधानसभेवर पाठविलेला आमदार राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मतदान करतो आणि कर्नाटकातील आमदार म्हणून त्याच्या एका मताचे मूल्य १३१ धरले जाते. मात्र उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत त्याच आमदाराला मतच नसते. तेथे होसकोट्याचा थेट आवाज म्हणजे चिक्कबळ्ळापूर लोकसभा मतदारसंघाचा खासदार आणि त्याच्या मताचे मूल्य एक.

अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीच्या बातम्या वाचताना आपल्याकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. तेथे अध्यक्षपदाचा उमेदवार आपला ‘रनिंग मेट’ निवडतो, दोघांची नावे एकत्र मतपत्रिकेवर येतात आणि दोघे एकत्र जिंकतात किंवा हरतात. भारतात तशी जोडी का नसते? त्याचे पहिले उत्तर होसकोट्याच्या आमदाराच्या या अर्ध्या अधिकारात आहे. आपल्या दोन सर्वोच्च पदांचे मतदारच वेगवेगळे आहेत. राष्ट्रपतींना संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य निवडतात. उपराष्ट्रपतींना केवळ संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य निवडतात आणि त्यांत नामनिर्देशित सदस्यही असतात. दोन्ही निवडणुका स्वतंत्र, उमेदवारी अर्ज स्वतंत्र, मतमोजणी स्वतंत्र. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराने उपराष्ट्रपतिपदासाठी कोणाला सुचवावे, असे संविधानात कोठेही म्हटलेले नाही आणि प्रत्यक्षातही त्याला कोणी विचारत नाही.

तरीही निवड होतेच आणि ती करणाऱ्यांच्या मनात काही हिशेब असतोच. तो हिशेब गेल्या सात दशकांत कसा बदलत गेला, हे पाहण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. होसकोट्यापासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या लालबागेतील काचघर पुरेसे आहे.

काचघरातील चार विरुद्ध दोन

राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकटगिरी यांनी कार्यवाहक राष्ट्रपती म्हणून सूत्रे हाती घेतली. तोपर्यंत एक अलिखित संकेत रूढ होऊ पाहत होता. पहिले उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन १९६२ मध्ये राष्ट्रपती झाले. त्यांच्यानंतरचे उपराष्ट्रपती झाकीर हुसेन १९६७ मध्ये त्याच पदावर गेले. उपराष्ट्रपती म्हणजे भावी राष्ट्रपती, असे गृहीत धरले जाऊ लागले होते. त्या हिशेबाने पुढचे नाव गिरी यांचे होते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते म्हैसूरचेच राज्यपाल होते, त्यामुळे बेंगळुरूला ते अपरिचित नव्हते.

जुलै १९६९ मध्ये काँग्रेस महासमितीचे अधिवेशन बेंगळुरूत लालबागेच्या काचघरात भरले. पक्षाचे अध्यक्ष याच राज्याचे माजी मुख्यमंत्री एस. निजलिंगप्पा होते. संसदीय मंडळासमोर राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीचा विषय आला, तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले. ‘सिंडिकेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्येष्ठ नेत्यांना लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी हवे होते. मतदान झाले आणि रेड्डी चार विरुद्ध दोन मतांनी निवडले गेले. रेड्डींच्या बाजूने मोरारजी देसाई, कामराज आणि स. का. पाटील यांच्यासह चौथे मत यशवंतराव चव्हाण यांचे होते. महाराष्ट्रात या मताची चर्चा पुढे अनेक वर्षे होत राहिली. इंदिरा गांधींनी चव्हाण आपल्या बाजूने राहतील असे धरले होते आणि तो अंदाज चुकला.

कार्यवाहक राष्ट्रपती असलेल्या व्यक्तीचे नाव तिच्याच पक्षाने बाजूला ठेवले होते. गिरी यांनी अपक्ष म्हणून लढण्याचे ठरविले. पुढच्या काही दिवसांतील घटनाक्रम अतिशय वेगवान आहे. १६ जुलैला मोरारजी देसाई यांच्याकडील अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला व त्यावर गिरी यांनी स्वाक्षरी केली. २० जुलैला ते दोन्ही जबाबदाऱ्यांतून मोकळे झाले. राष्ट्रपती नाहीत आणि उपराष्ट्रपतीही नाहीत, अशी स्थिती देशात प्रथमच निर्माण झाली. अशा वेळी कार्यभार कोणी सांभाळायचा, यासाठी संसदेने काही आठवड्यांपूर्वीच कायदा केला होता. त्यानुसार सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला कार्यवाहक राष्ट्रपती झाले. ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. दहा वर्षांनी तेच बिनविरोध उपराष्ट्रपती झाले. त्यामुळे सरन्यायाधीश म्हणून आणि उपराष्ट्रपती म्हणून, अशा दोन्ही नात्यांनी राष्ट्रपतींचे काम पाहिलेली ती एकमेव व्यक्ती ठरली.

निवडणूक १६ ऑगस्टला झाली. रिंगणात तिसरे प्रमुख नाव एका मराठी माणसाचे होते, ते म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावरून केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिलेले चिंतामणराव देशमुख. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ त्यांच्या पाठीशी होते. त्यांच्या मतदारांनी दुसऱ्या पसंतीचे मत रेड्डींना द्यावे, यासाठी निजलिंगप्पा यांनी त्या पक्षांच्या नेत्यांशी बोलणी केली. त्यावर इंदिरा गांधींच्या गोटातून ‘विवेकाला स्मरून मत द्या’ असे आवाहन झाले. पहिल्या पसंतीत गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि देशमुख यांना १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली. विजयासाठी ४,१८,१६९ आवश्यक होती. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले, म्हणजे आवश्यक आकड्यापेक्षा जेमतेम १,९०८ अधिक. राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा निकाल दुसऱ्या पसंतीवर लागण्याचा आजवरचा हा एकच प्रसंग आहे. काही महिन्यांतच काँग्रेस दुभंगली.

या सगळ्या धामधुमीत त्याच ऑगस्टच्या अखेरीस झालेल्या उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. निवडून आले गोपाल स्वरूप पाठक. ते कोण होते? गिरी यांच्यानंतर म्हैसूरचे राज्यपाल झालेले गृहस्थ. म्हणजे बेंगळुरूच्या राजभवनात लागोपाठ राहिलेल्या दोन राज्यपालांपैकी एक राष्ट्रपती आणि दुसरा उपराष्ट्रपती झाला. कोणी मुद्दाम जुळवून आणलेली जोडी नव्हती ती. राज्यपालपदावर असलेला, पक्षांतर्गत भांडणापासून दूर राहिलेला, कोणालाही न खुपणारा माणूस उपराष्ट्रपतिपदासाठी सोयीचा ठरतो, एवढाच त्याचा अर्थ. हा नियम पुढेही अनेकदा लागू पडलेला दिसतो.

जमखंडीच्या वकिलाची परीक्षा

पाठक यांच्यानंतर १९७४ मध्ये उपराष्ट्रपती झालेले बसप्पा दानप्पा जत्ती हे याच सोयीचे अपत्य म्हणता येतील. ओडिशाच्या राज्यपालपदावरून ते आले. त्यांना ५२१ आणि प्रतिस्पर्धी निरल एनेम होरो यांना १४१ मते मिळाली. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद आसामचे आणि उपराष्ट्रपती कर्नाटकाचे, एवढा प्रादेशिक तोल साधला गेला आणि विषय संपला, असेच त्या वेळी वाटले असणार.

जत्तींचे सार्वजनिक जीवन मराठी मुलुखाशी जोडलेले होते. जमखंडी तालुक्यातील सावळगी हे त्यांचे जन्मगाव. कायद्याचे शिक्षण कोल्हापुरात. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात ते आधी मंत्री आणि मग दिवाण झाले. संस्थान विलीन झाल्यावर ते मुंबई राज्याच्या विधिमंडळात आले आणि मोरारजी देसाई यांच्या मंत्रिमंडळात उपमंत्री होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर तो भाग म्हैसूर राज्यात गेला आणि १९५८ मध्ये ते तेथील मुख्यमंत्री झाले.

आणीबाणी अद्याप उठलेली नव्हती आणि लोकसभेची निवडणूक जाहीर झालेली होती, तेव्हा ११ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्रपती अहमद यांचे निधन झाले. राज्यघटनेनुसार जत्ती कार्यवाहक राष्ट्रपती झाले. अमेरिकेत अध्यक्षाचे निधन झाले तर उपाध्यक्ष उरलेल्या संपूर्ण कालावधीसाठी अध्यक्ष होतो. आपल्याकडे तसे होत नाही. उपराष्ट्रपती केवळ काम पाहतो आणि सहा महिन्यांच्या आत नवा राष्ट्रपती निवडावा लागतो. पण सहा महिन्यांत काय काय घडू शकते, याचा १९७७ इतका ठसठशीत दाखला दुसरा नाही. मार्चमध्ये काँग्रेसचा पराभव झाला. केंद्रातील पहिल्या बिगरकाँग्रेसी सरकारच्या पंतप्रधानांना २४ मार्चला शपथ देण्याचे काम जत्तींच्या वाट्याला आले आणि ते पंतप्रधान होते मोरारजी देसाई. एकेकाळच्या उपमंत्र्याने आपल्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्याला शपथ दिली.

एप्रिलच्या अखेरीस जनता सरकारने काँग्रेसची सत्ता असलेल्या नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला राष्ट्रपती भवनाकडे पाठविला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला होता. तरीही जत्तींनी लगेच स्वाक्षरी केली नाही. त्या थोड्या विलंबाने दिल्लीत मोठे वादळ उठले. अखेर ३० एप्रिलला स्वाक्षरी झाली. त्यांचा संकोच योग्य होता की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. मुद्दा वेगळा आहे. १९७४ मध्ये त्यांची निवड करताना अशा प्रसंगी हा माणूस कसा वागेल, याचा विचार कोणी केला असेल असे दिसत नाही. त्या जुलैमध्ये राष्ट्रपतिपदासाठी नवा उमेदवार शोधण्याची वेळ आली, तेव्हा बेंगळुरूच्या काचघरात निवडले जाऊन हरलेले नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले. जत्ती पुन्हा उपराष्ट्रपती म्हणून राज्यसभेत परतले.

हिशेब बदलला कधी?

१९५२ ते १९९७ या काळातील उपराष्ट्रपतींची यादी काढली तर नऊ नावे होतात : राधाकृष्णन, झाकीर हुसेन, गिरी, पाठक, जत्ती, हिदायतुल्ला, आर. वेंकटरमण, शंकरदयाळ शर्मा आणि के. आर. नारायणन. यांपैकी सहा जण पुढे राष्ट्रपती झाले. नारायणन यांच्यानंतर कृष्णकांत, भैरोंसिंह शेखावत, हमीद अन्सारी, व्यंकय्या नायडू आणि जगदीप धनखड हे पाच जण त्या पदावर येऊन गेले. त्यांच्यापैकी एकही राष्ट्रपती झाला नाही. नऊपैकी सहा आणि पाचपैकी शून्य, या दोन आकड्यांतच सारा बदल दडलेला आहे.

याचे मुख्य कारण आघाड्यांच्या राजकारणात सापडते. एका पक्षाकडे बहुमत असे तेव्हा आजचा उपराष्ट्रपती पाच वर्षांनी राष्ट्रपती करणे हातात असे. नंतर प्रत्येक निवडणूक नव्याने मांडावी लागली. २००७ चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या संयुक्त पुरोगामी आघाडीला आधी शिवराज पाटील यांचे नाव सोडावे लागले आणि मग प्रतिभाताई पाटील पुढे आल्या. समोर होते विद्यमान उपराष्ट्रपती शेखावत. शिवसेना तेव्हा राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती, पण मराठी व्यक्ती राष्ट्रपती होत आहे म्हणून तिने प्रतिभाताईंना मते दिली. शेखावत हरले आणि २१ जुलैला त्यांनी उपराष्ट्रपतिपदही सोडले. त्यानंतर उपराष्ट्रपतिपदासाठी डाव्यांना मान्य असलेले हमीद अन्सारी निवडले गेले. एक पद मोठ्या पक्षाला, दुसऱ्या पदाच्या निवडीत मित्रपक्षाचा शब्द. अमेरिकेतील ‘तिकिटाचा तोल’ आपल्याकडे असा दोन हप्त्यांत सांभाळला जातो.

भौगोलिक तोलही पाहिला जातो. राष्ट्रपती उत्तरेचे तर उपराष्ट्रपती दक्षिणेचे, किंवा उलट, हे सूत्र दीर्घकाळ बहुतेक वेळा पाळले गेले. वेंकटरमण यांच्यासोबत शर्मा, शर्मांसोबत नारायणन, नारायणन यांच्यासोबत कृष्णकांत, अब्दुल कलाम यांच्यासोबत शेखावत. २००७ आणि २०१२ मध्ये ते मोडले. २०१७ मध्ये रामनाथ कोविंद यांच्यासोबत आंध्रचे नायडू आले, तेव्हा ते पुन्हा दिसले. नायडू दीर्घकाळ कर्नाटकातूनच राज्यसभेवर निवडून येत होते. २०२२ मध्ये ओडिशाच्या द्रौपदी मुर्मू आणि राजस्थानचे धनखड ही निवड झाली. तेथे प्रदेशापेक्षा समाजघटकांचा विचार अधिक होता. त्या वेळी विरोधकांनी दिलेल्या उमेदवार मार्गारेट अल्वा मंगळुरूच्या. त्यांना १८२ मते पडली आणि धनखड यांना ५२८.

महाराष्ट्राच्या राजकारणातून आलेली एकही व्यक्ती आजवर उपराष्ट्रपती झालेली नाही. प्रयत्न मात्र झाले, तेही पराभव जवळपास ठरलेला असताना. १९८४ मध्ये रिपब्लिकन नेते बा. चं. कांबळे यांनी वेंकटरमण यांच्याविरुद्ध २०७ मते मिळविली. २००२ मध्ये सुशीलकुमार शिंदे शेखावत यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि ३०५ विरुद्ध ४५४ असे हरले. पाच-सहा महिन्यांत, जानेवारी २००३ मध्ये, शिंदे राज्याचे मुख्यमंत्री झाले. हरण्यासाठी दिलेली उमेदवारीही पक्षाच्या खात्यात जमा धरली जाते, ती अशी.

सभापतीची खुर्ची आणि दोघांचा निर्णय

आज उमेदवार ठरविताना सर्वांत आधी पाहिले जाते ते राज्यसभेचे सभापतिपद. उपराष्ट्रपतीचे रोजचे काम तेच आहे. सभागृहात कोणती सूचना स्वीकारायची, कोणाला किती वेळ द्यायचा, गोंधळ झाला तर काय करायचे, हे तेथून ठरते. धनखड यांच्या कारकिर्दीत हा ताण इतका वाढला की डिसेंबर २०२४ मध्ये विरोधकांनी त्यांना पदावरून दूर करण्यासाठी नोटीस दिली. ती उपसभापतींनी फेटाळली. २१ जुलै २०२५ रोजी, पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, धनखड यांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला.

त्यानंतरची निवड कशी झाली, हे १९६९ शी ताडून पाहण्यासारखे आहे. बेंगळुरूत संसदीय मंडळाने मतदान केले होते आणि कोणी कोणाला मत दिले, हे आज सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या नेत्यांनी एक बैठक घेऊन निवडीचा अधिकार पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि भाजपचे तत्कालीन अध्यक्ष जे. पी. नड्डा या दोघांना दिला. १७ ऑगस्टला महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांचे नाव जाहीर झाले. तिरुप्पूरचे, कोइमतूरमधून दोनदा लोकसभेवर गेलेले, दीर्घकाळ संघटनेत वावरलेले. तमिळनाडूतील विरोधी पक्षांची त्यामुळे अडचण होईल, हा हेतू उघड होता. दोन दिवसांनी विरोधकांनी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आणि गोव्याचे पहिले लोकायुक्त बी. सुदर्शन रेड्डी यांना उतरविले. रेड्डी तेलुगू असल्याने तेलुगू देसम आणि वायएसआर काँग्रेस यांच्यापुढे तोच पेच टाकण्याचा हा प्रयत्न होता. दोन्ही बाजूंनी एकच युक्ती वापरली आणि दोन्हीकडे ती निष्फळ ठरली. द्रमुक राधाकृष्णन यांच्याकडे गेला नाही, आणि आंध्रातील दोन्ही पक्ष रेड्डींकडे गेले नाहीत.

९ सप्टेंबरला ७६७ खासदारांनी मतदान केले. राधाकृष्णन यांना ४५२ आणि रेड्डी यांना ३०० मते मिळाली, १५ मते बाद झाली. आपले ३१५ सदस्य मतदानाला उपस्थित होते, असे विरोधकांनी सांगितले होते. या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि पक्षादेश लागू होत नाही, त्यामुळे फुटलेली मते कोणाची, हे अधिकृतपणे कधीच कळत नाही. राष्ट्रपतींच्या अनुपस्थितीत त्यांचे काम पाहण्यास हा माणूस कितपत योग्य आहे, हा प्रश्न या तीन आठवड्यांच्या प्रचारात दोन्ही बाजूंकडून फारसा ऐकू आला नाही. अमेरिकेत नेमका याच प्रश्नावर रनिंग मेटची उलटतपासणी होते. अर्थात तेथेही ती प्रामाणिकपणे होतेच असे नाही. १९६० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या केनेडींनी टेक्सासच्या जॉन्सन यांना सोबत घेतले ते दक्षिणेतील मतांसाठी. तीन वर्षांनी जॉन्सन यांनाच अध्यक्षपदाची शपथ घ्यावी लागली.

२०२५ च्या निवडणुकीचा एक परिणाम मात्र पुढील निवडणुकीवर होणार आहे आणि त्याची चर्चा अद्याप सुरू झालेली नाही. मुदतीपूर्वी रिक्त झालेल्या उपराष्ट्रपतिपदावर निवडून येणाऱ्या व्यक्तीला उरलेली मुदत नव्हे, तर पूर्ण पाच वर्षे मिळतात, असे राज्यघटनेचे ६८ वे कलम सांगते. राधाकृष्णन यांनी १२ सप्टेंबर २०२५ रोजी शपथ घेतली, म्हणजे त्यांची मुदत सप्टेंबर २०३० पर्यंत आहे. राष्ट्रपती मुर्मू यांची मुदत २४ जुलै २०२७ रोजी संपते. गेली अनेक वर्षे ही दोन्ही पदे एका महिन्याच्या अंतराने भरली जात होती आणि उत्तर-दक्षिण, स्त्री-पुरुष, समाजघटक यांचा मेळ एकाच वेळी घालता येत होता. २०२७ मध्ये तसे करता येणार नाही. होसकोट्याचा आमदार राष्ट्रपतींसाठी मत देईल, तेव्हा दुसरी खुर्ची आधीच भरलेली असेल आणि पहिलीसाठीचे नाव तिच्याकडे पाहून ठरवावे लागेल.

दोन पदांच्या वेळापत्रकांची अशी फारकत यापूर्वी एकदा झाली होती. १९७७ मध्ये राष्ट्रपतिपद मुदतीपूर्वी भरावे लागले आणि त्यानंतर दहा वर्षे दोन्ही निवडणुका वेगवेगळ्या साली होत राहिल्या. १९८४ मध्ये निवडून आलेले उपराष्ट्रपती वेंकटरमण यांची दोन वर्षे बाकी असताना, जुलै १९८७ मध्ये त्यांनाच राष्ट्रपती करण्यात आले आणि वेळापत्रके पुन्हा जुळली. रिकाम्या झालेल्या उपराष्ट्रपतिपदावर तेव्हा बिनविरोध आले ते शंकरदयाळ शर्मा. ते त्या वेळी महाराष्ट्राचे राज्यपाल होते.